गोगलगायींचं पाणी

कोकणात जन्मलेल्या माणसाकडे कुणी कवचातलं काही मागितलं, की ते माणूस त्याला लगेच आपलं वाटायला लागतं. माझी चूक तिथेच झाली.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट. आम्ही तेव्हा अजमानला राहायचो. नवऱ्याची नोकरी शारजात, पण शारजाचं भाडं झेपण्यातलं नव्हतं. मी बाजारातल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. मिरजेला नर्सिंग शिकलेली, हाताने हलकी आणि तोंडाने फटकळ. इंजेक्शन देताना दुखवणार नाही आणि बोलताना सोडणार नाही, अशी माझी ख्याती होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नायजेरियाचं एक कुटुंब होतं. नवरा शारजात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा करायचा, बायको दुबईहून कापडाचे गठ्ठे घेऊन आपल्या गावी पाठवायची. त्यांना दहा वर्षांची एक मुलगी होती. माझी पाच वर्षांची लेक तिच्या मागे मागे शेपटासारखी फिरायची.

आपण योरुबा आहोत, हे शेजारणीने मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. नायजेरियाचे सगळे लोक एक नव्हेत, बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. मला ते ताबडतोब पटलं, कारण खालचा ग्रोसरीवाला माझ्याशी सहा महिने मल्याळममध्ये बोलत होता. ती मला 'सिस्टर' म्हणायची. नर्स म्हणून की बहीण म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. मीही तिला सिस्टरच म्हणू लागले. पुढे आमचं एकमेकींच्या घरात किल्ली ठेवण्याइतकं जमलं.

दहा वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. मधल्या काळात काय काय झालं ते ती सांगत नसे, मीही उकरून काढलं नाही. नववा महिना लागला तशी तिची आई माहेराहून, अबेओकुटाहून, दोन महिन्यांच्या व्हिसावर आली. ती जिना चढून वर आली तेव्हा मी दारातच होते. शेजारीण एवढं मोठं पोट सांभाळत कॉरिडॉरमध्ये आईसमोर दोन्ही गुडघे टेकून बसली, आणि आईने पाठीवरून हात फिरवल्यावरच उठली. त्यांच्यात मोठ्यांना असाच नमस्कार करतात. माझ्या सासूबाईंनी ते पाहिलं असतं तर मला आयुष्यभर ऐकवलं असतं.

म्हातारी मला पहिल्या भेटीतच आवडली. काळीसावळी, ठेंगणी, डोक्याला निळ्या कापडाचं भलंमोठं बांधलेलं, आणि दोन्ही गालांवर जुन्या चिरांच्या खुणा. मी तिला आजी म्हणे. ते माझ्या भाषेतलं आपलं नाव आहे असं समजून ती ओ देई. तिचं इंग्रजी चार शब्दांचं, म्हणून आमच्यामध्ये दहा वर्षांची नात बसायची आणि दोन्हीकडचं उलथंपालथं करायची. बाळंतिणीला आम्ही शेक देतो, शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी देतो, पोट बांधतो, हे मी सांगितलं तेव्हा आजीने मांडीवर थाप मारली. तीही लेकीचं पोट गरम पाण्याच्या टॉवेलने दाबणार होती, रोज, महिनाभर. बाळाला अंघोळ कोण घालतं, तिने विचारलं. आजी घालते, मी म्हणाले, पाय लांब करून, पायांवर पालथं घेऊन. तिने तिथल्या तिथे जमिनीवर पाय लांब केले आणि उशी घेऊन मला करून दाखवलं. अगदी तसंच. मग तिने आपण किती मुलांना अंघोळ घातली ते बोटांवर मोजायला घेतलं आणि एकोणिसावर थांबली.

असंच एके दिवशी तिने गोगलगायी मागितल्या.

नातीला इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून तिने वहीत चित्र काढलं. पाठीवर घर, पुढे दोन शिंगं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आमच्याकडे कालवं, तिसऱ्या, मुळे, काय काय खातात! गोगलगायी आम्ही खात नाही, पण म्हटलं, परक्या देशात म्हातारीला तिच्या तोंडची चव हवी असेल. यात विचारण्यासारखं काय होतं? वाळवंटात गोगलगायी कुठून आणायच्या हा प्रश्न होता, पण माझ्या अंगात आलं की मी कुणाचं ऐकत नाही. शुक्रवारी सकाळी नवऱ्याला रोपवाटिकेत घेऊन गेले. तिथे रात्रंदिवस पाणी सोडलेलं असतं, ओल कायमची. तिथल्या बंगाली माळ्याला हिंदीत समजावलं. तो आधी हसला, मग कुंड्यांखालून आइस्क्रीमचा रिकामा डबा भरून गोगलगायी दिल्या. पैसे घेईना, म्हणून मी दहा दिरहॅमचं मोगऱ्याचं रोप घेतलं. ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांचं रोप, नवरा गाडीत म्हणाला, म्हातारीच्या नाश्त्यासाठी.

डबा पाहून आजी खो खो हसली. त्यांच्याकडच्या गोगलगायी मुठीएवढ्या असतात म्हणे. पण तिने डबा ठेवून घेतला, आत लेट्यूसची पानं टाकली, झाकणाला भोकं पाडली, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ काहीबाही म्हणत राहिली. आशीर्वाद देतेय, नात म्हणाली. मी आठवडाभर इमारतीत सगळ्यांना हे सांगत फिरले.

मुलगी झाली. सरकारी इस्पितळात, बुधवारी पहाटे, बाळ-बाळंतीण सुखरूप. शेजारीण दोन दिवस तिथेच होती, नवरा तिच्याकडे ये-जा करत होता. गुरुवारी संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर मी डबाभर मुगाची खिचडी घेऊन समोर गेले, लेक माझ्या मागे. आजीने मला आत बसवलं, नातीला शेजारी बसवलं, आणि कपाटातून एक स्वच्छ धुतलेलं कापड काढून माझ्यासमोर उलगडलं. त्यात कापूस होता, नव्या ब्लेडचं पाकीट होतं, आणि शेजारी तिने माझा आइस्क्रीमचा डबा आणून ठेवला.

आजी शांतपणे बोलत होती आणि नात शाळेतली कविता म्हणावी तशी सांगत होती. आजी म्हणते, तुम्ही नर्स आहात. तुमचा हात चांगला आहे. आमच्या गावात हे काम करणारं एक घराणं आहे, पण इथे ते नाही. नाव ठेवायच्या आधी करायचं असतं, आठव्या दिवसाच्या आत. तुम्ही कापा. मग आजी गोगलगाईच्या कवचाचं टोक फोडेल, त्यातून पाणी निघतं ना, ते जखमेवर घालेल. त्याने थंड वाटतं, लवकर भरून येतं.

मला एव्हाना कळलं होतं. नर्सिंगच्या पुस्तकात मुलींच्या सुंतेवर अर्ध्या पानाचा मजकूर होता, तो मी परीक्षेपुरता वाचला होता. मी नातीला थांबवायला हवं होतं. पण मी त्या डब्याकडे बघत राहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या गोगलगायी चिकटून बसल्या होत्या.

नात बोलता बोलता स्वतःच थांबली. तिने आजीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. आजीने उत्तर दिलं, आवाज न चढवता, ही काय विचारायची गोष्ट आहे अशा सुरात. पोरीने आणखी एक प्रश्न विचारला. या वेळी आजीने फक्त मान हलवली आणि नातीच्या केसांवरून हात फिरवायला गेली. पोर मागे सरकली.

"आंटी," ती मला म्हणाली, "शी सेज मी टू."

ती उठली, चप्पल पायात घातली.

"आय डोन्ट वॉन्ट टू ट्रान्सलेट एनी मोअर," असं म्हणून ती बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली.

मग माझा ताबा सुटला. मी आजीला बोलले, आणि चांगलं तोंडभर बोलले. म्हातारपणी लाज कशी वाटत नाही, एवढंसं ते लेकरू, त्याने तुमचं काय घोडं मारलंय, माझ्या हाताने असलं पाप करून घ्यायला निघालात, आणि वर माझ्याकडूनच गोगलगायी आणवल्या. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते हेच, असंही म्हणाले. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी सगळं मराठीत बोलतेय.

आजीला शब्द कळायची गरज नव्हती. ती ऐकून घेत राहिली. माझं संपल्यावर तिने माझ्या लेकीला जवळ बोलावलं, तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, त्यातली सोन्याची बाळी हलवली. मग आपल्या डोळ्यांखालून बोट ओढून रडण्याची खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं.

लेकीचे कान बाराव्या दिवशी टोचले होते. रत्नागिरीला, माहेरी. सोनार घरी आला होता आणि डोकं मी धरलं होतं. ती काळीनिळी होईपर्यंत रडली, आणि आम्ही सगळ्या बायका कौतुकाने हसलो होतो. आता, कानाची पाळी आणि हे एक नाही. मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे, त्यात तडजोड नाही. पण 'ते वेगळं' एवढे दोन शब्द तोंडातून निघायला मला क्षणभर उशीर झाला, आणि तेवढ्यात म्हातारीने कापडाची घडी घातली. मी लेकीला ओढत घरी आणलं. खिचडीचा डबा तिथेच राहिला.

शुक्रवारी शेजारीण बाळाला घेऊन इस्पितळातून आली. मी तिला माझ्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती आईवर भडकेल. ती नुसती ओट्याला टेकून उभी राहिली. आईच्या मनात काय आहे ते तिला माहीत होतं. फक्त इथे करणारं कुणी मिळणार नाही, या भरवशावर ती होती. मी दारासमोर राहणारी नर्स, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

नाही म्हणून टाक, मी म्हणाले. खलास. तुझं मूल, तुझं घर.

तिने मान हलवली. तिला आईची भीती नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना गावी जायचं होतं, नवऱ्याच्या थोरल्या घरात, जिथे त्याची आई, त्याच्या आत्या, चुलत्या, सगळ्या असतात. तिथे पहिला प्रश्न हाच विचारला जाणार होता. झालं नाही म्हटलं तर त्यातली एखादी बाळाला अंघोळीला म्हणून नेईल आणि काम उरकून आणेल, इतकं ते सोपं होतं. नवरा चांगला माणूस, पण बायकांच्या गोष्टीत तो बोलत नसे. मात्र तिची आई परतल्यावर जे सांगेल, ते त्या घरात मानलं जाणार होतं. योरुबा घरात म्हाताऱ्या बाईच्या शब्दापुढे जात नाहीत.

म्हणून आईला 'झालं' असंच वाटायला हवं होतं.

"सिस्टर, यू विल से यू डिड इट," ती म्हणाली.

मी सरळ नकार दिला. नर्सचा पोशाख घालून असलं खोटं बोलायचं, तेही मी हे काम केलं असं? उद्या कुणी ऐकलं तर माझी नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि वर तोंड काळं होईल ते वेगळंच. ती एकदाही आग्रहाचा शब्द बोलली नाही. मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू एरवी माझ्या आईला आळणी भाजी गोड मानून घ्यायला लावतेस, तेव्हा नाही का खोटं बोलत? माणूस नको तिथे विनोद करतो. पण सकाळी उठले तेव्हा माझा निर्णय झालेला होता.

सातव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी दवाखाना बंद असताना आम्ही बाळाला घेऊन गेलो. एक ते चार सगळा बाजार बंद असतो तिकडे, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. किल्ली माझ्याकडे असायची. बाळाचं वजन केलं, नाळ पाहिली, आणि मग करायला काहीच उरलं नाही. एवढ्या लवकर परतलो तर संशय येईल, म्हणून आम्ही पाऊण तास बसून राहिलो. एसी चालू, पडदा ओढलेला, तपासायच्या टेबलावर बाळ गाढ झोपलेलं, आणि आम्ही दोघी स्टुलांवर लबनचे, म्हणजे तिकडच्या ताकाचे, ग्लास हातात घेऊन. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव ऑपरेशन.

त्या पाऊण तासात ती बोलली. थोरलीच्या वेळी ती एकवीस वर्षांची होती, सासरी होती. आठव्या दिवसाच्या आत ते झालं, जसं तिचं स्वतःचं झालं होतं, तिच्या आईचं झालं होतं. कुणी विचारलं नाही आणि तिलाही विचारावंसं वाटलं नाही. पायात चप्पल घालतात तशी ती गोष्ट. नाही केलं आणि पुढे त्या मुलीच्या बाळंतपणात बाळाचं डोकं तिथे लागलं, तर बाळ मरतं, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. शिवाय मुलगी बहकते, चांगलं घर मिळत नाही. तिने सगळं खरं मानलं होतं. मग स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची वेळ आठवून ती म्हणाली की किती फाटलं, किती दिवस बसता येत नव्हतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. इथल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासताना विचारलं, हे कधीचे व्रण? तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं की हे कुणीतरी केलेलं आहे, जन्मतः असतं तसं नाही.

"आय हेल्ड हर," ती म्हणाली. थोरलीला धरून तीच बसली होती.

मला सोनार आठवला, माझे हात आठवले. पण मी ते बोलले नाही. तुलना करायची ती जागा नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघी थोडा वेळ रडलो. मग मी उठले, गॉजची घडी केली, तिला लाल औषधाचे डाग दिले, लंगोटात व्यवस्थित बसवली. मलमपट्टीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. डागसुद्धा असे खरे दिले की माझं मलाच कौतुक वाटलं.

घरी आलो तेव्हा आजी दारातच उभी होती. बाळ अजून झोपलेलं. मी माझा दवाखान्याचा आवाज काढला: काम झालं, पाच दिवस पट्टी कुणी उघडायची नाही, फक्त आईने बदलायची, अंघोळ नको, ओल्या फडक्याने पुसा. नात कोपऱ्यात गृहपाठ करत होती. तिने वर पाहिलं नाही आणि भाषांतरही केलं नाही. शेजारणीनेच आईला सांगितलं. आजीने बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन गोगलगायींचा डबा आणला. कवचांची टोकं फोडून एका चमच्यात तिने ते पाणी धरलं. आठ-दहा गोगलगायी लागल्या, मी आणलेल्या फार बारक्या होत्या. चमचा तिने आपल्या लेकीच्या हातात दिला आणि स्वतः खोलीबाहेर येऊन जमिनीवर बसली. लेकीने आत जाऊन ते पाणी बेसिनमध्ये ओतलं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी नाव ठेवलं. बाळाच्या ओठाला मध लावला, मीठ लावलं, पाणी लावलं, आलेल्या प्रत्येकाने बाळाला आपापलं एक नाव दिलं. मलाही द्यायला लावलं. मी माझ्या आईचं नाव दिलं, ते उच्चारताना सगळे हसले. आजी त्या दिवशी नाचली. माझ्याशी ती पूर्वीसारखीच वागत होती, उलट जास्त मायेने, आणि मला मनातून शरम वाटत होती. एक मात्र होतं. थोरली नात तिच्याकडे जात नव्हती. दर रविवारी तिच्या दोन गुडघ्यांमध्ये बसून केस विणून घेणारी पोर आता केस तसेच पिंजारलेले घेऊन शाळेत जाई. आजी कंगवा आणि तेलाची बाटली घेऊन बसलेली असे. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघवलं नाही.

पाच दिवसांनी पट्टी निघाली आणि आजी बाळाला अंघोळ घालू लागली. पाय लांब करून, पायांवर पालथं घेऊन. मी कितीदा तरी दारात उभी राहून ते पाहिलं. तिचा हात फार सुरेख चालायचा. इतकी वर्षं लोकांच्या मुलांना टोचणारी मी, आणि चाळीसेक वर्षं मुलं हाताळणारी ती, आणि आपल्या पट्टीखाली काय नाही हे त्या हाताला कळेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. शेजारणीच्याही नाही. आम्ही दोघी स्वतःच्या हुशारीवर इतक्या खूश होतो.

आजी परत गेली. निघताना तिने मला निळीत रंगवलेलं एक कापड दिलं, अबेओकुटाचं, आणि माझा हात धरून एक वाक्य म्हणाली. शेजारीण बाळाला घेऊन आधीच खाली उतरली होती, म्हणून मी नातीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. टॅक्सीवाला खालून यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते सगळे गावी जाऊन आले. शेजारीण परतली तेव्हा मी पहिलं तेच विचारलं. काही झालं नव्हतं. आईने भरल्या अंगणात सांगितलं होतं की नर्सने केलं, दवाखान्यात, थेंब सांडला नाही. पुन्हा कुणी विषय काढला नाही. फक्त आईचा जाच फार, शेजारीण म्हणाली. ती महिनाभर लेकीच्या सासरीच येऊन राहिली, आणि बाळाला अंघोळ म्हणून कुणाला घालू द्यायची नाही. सासूला नाही, आत्यांना नाही. दार लावून एकटीच घालायची. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं म्हणून आम्ही हसलो.

त्याला नऊ वर्षं झाली असतील. आम्ही तीच इमारत धरून होतो, ते लोक शारजाला गेले होते. थोरली एकोणीस-वीस वर्षांची झाली होती, दुबईत कॉलेजला. एका शुक्रवारी ती धाकट्या बहिणीला घेऊन भेटायला आली. आजी गेल्याचं मला फोनवर कळलं होतं. पोर गावी जाऊन महिनाभर तिच्याजवळ राहून आली होती. केस बारीक बारीक वेण्यांत विणलेले होते. धाकटी माझ्या लेकीच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसली आणि थोरली माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली, जिथे तिची आई उभी राहायची.

आजीने विणले, ती केसांना हात लावून म्हणाली. शेवटचे. तीन दुपारी लागल्या, हात चालत नव्हते. विणता विणता आजी बोलली होती.

आजीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अंघोळीची वाट बघावी लागली नाही. तिने दारात बाळाकडे पाहिलं आणि तिला कळलं, कारण बाळ झोपलेलं होतं. कापलेलं मूल असं झोपत नाही, ते दोन-तीन दिवस रडतं. आजीचं म्हणणं, एकोणीस मुलांना अंघोळ घातलेल्या बाईला दोघी मिळून फसवायला निघालात, आणि बाळाला साधा चिमटासुद्धा काढला नाहीत. निघताना ती मला तेच म्हणाली होती: पुढच्या वेळी खोटं बोलशील तर बाळाला थोडं रडव. पोरीने तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. ती अजून कुणाचंच भाषांतर करत नव्हती.

इतक्या वर्षांची माझी हुशारी, आणि ती म्हातारी चमच्यात गोगलगाईचं पाणी धरून मला साथ देत होती. मी मराठीत शिव्या घातलेली ती बाई. दार लावून महिनाभर अंघोळ घालणारी.

मग ती कुणाला बोलली का नाही, मी विचारलं. तिचा तर विश्वास होता ना, डोकं लागलं तर बाळ मरतं?

विश्वास शेवटपर्यंत होता, पोर म्हणाली. धाकटीच्या बाळंतपणाच्या वेळी आपण जिवंत नसू, याची तिला काळजी होती. त्यासाठी ती रोज प्रार्थना करायची. पण त्या संध्याकाळी नात चप्पल घालून बाहेर जाऊन उभी राहिली आणि नंतर केस विणायला आली नाही, ते तिला सहन झालं नाही. आणखी एक नात अशी निघून जाताना तिला बघायचं नव्हतं.

मी चहा ओतला. पोर कप हातात धरून बसली, प्यायली नाही. शेवटच्या दिवशी तिने आजीला विचारलं होतं, मग माझ्या वेळी का नाही? आजीने आधी वेणीचं टोक दोऱ्याने बांधलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

तिने आधी ते त्यांच्या भाषेत म्हटलं, मग माझ्यासाठी इंग्रजीत, सावकाश, शब्द मोजून, जशी ती दहा वर्षांची असताना सांगायची. आजी म्हणाली होती, तुझ्या वेळी घरात आम्ही सात बायका होतो, आणि आमच्यात खोटं बोलणारी एकही नव्हती.

आतून धाकटीने हाक मारली, कॉम्प्युटर अडकला होता. थोरली उठून तिच्याकडे गेली.